छापलें नाहीं, म्हणून लिहिलेंच नाहीं काय?

सुज्ञ वाचकहो, मी खेड्यांतला एक प्राथमिक शिक्षक. ट्रेनिंग कॉलेजांत असतां आमच्या गुरुजींनीं वहींत उतरवून घ्यावयास लावलें : 'पहिलें स्वतंत्र मराठी नाटक, विनायक जनार्दन कीर्तने यांचें थोरले माधवराव पेशवे, सन 1861.' आम्हीं तें घोकलें, परीक्षेंत लिहिलें, गुणहि मिळविले. पुढें एके दिवशीं 'गुलामगिरी' हातीं आली. 1873 सालीं छापलेल्या त्या ग्रंथांत जोतीराव फुले स्वतःच सांगतात कीं, 1855 सालीं आपण एक लहानसें नाटक करून दक्षिणा प्राइज कमिटीस दिलें होतें. 1855 आधीं कीं 1861 आधीं? हें गणित माझ्या चौथीच्या पोरांना सुटतें. पंडितांना मात्र सुटत नाहीं!

त्या नाटकाचें नांव 'तृतीय रत्न'. त्यांत ना राजा, ना देव. एका कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीति घालून जोशी तिचें घर धुवून नेतो. विदूषक मधूनमधून त्याचें पितळ उघडें पाडतो. पाद्री त्या नवराबायकोस चार शब्द समजावतो, आणि शेवटीं दोघेंहि शिकावयास निघतात.

आतां ही दक्षिणा कोणती? पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांना जी दक्षिणा वांटीत, तिच्याच पैशांतून इंग्रज सरकार पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें देऊं लागलें. पैसा मुळांत रयतेच्या घामाचा. पण रयतेची फिर्याद सांगणारी चोपडी कमिटीपुढें गेली तेव्हां काय झालें? जोतीराव सांगतात, भट सभासदांच्या हट्टापुढें युरोपियनांचें कांहीं चाललें नाहीं आणि चोपडी नापसंत झाली. ज्यांच्यावर फिर्याद, त्यांच्याच हातीं निवाडा! पुढें 1869 सालीं जोतीरावांनीं 'ब्राह्मणांचें कसब' पदरमोड करून छापलें. नाटक मात्र पडलें तें पडलेंच. 1890 सालीं ते वारले. 1969 सालीं सरकारी मंडळानें त्यांचें 'समग्र' वाङ्मय काढलें, त्या समग्रांतहि हें नाटक नव्हतें! अखेर 1979 सालीं 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकानें तें प्रथम छापलें. लिहिल्यापासून छपाईपर्यंत 124 वर्षें. आणि मी वही उतरवून घेतली ती त्याहिनंतर, हें ध्यानांत ठेवा.

कोणी म्हणेल, 'छापलें नव्हतें, रंगभूमीवर आलें नव्हतें. मग पहिलेपणाचा मान कसला?' ठीक. हाच कांटा सर्वांना लावा. विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' 1843 सालीं सांगलीस झालें. त्यांच्या नाट्यकवितांचा संग्रह छापून निघाला 1885 सालीं. छपाई 42 वर्षें मागाहून आली म्हणून कोणी 1843 खोडलें काय? नाहीं, आणि खोडूंहि नये. भाव्यांचा मान त्यांचा त्यांना. भाव्यांस प्रयोगाची तारीख चालते, कीर्तन्यांस छपाईची चालते, मग फुल्यांस लिहिल्याची कां चालूं नये? भाव्यांच्या पाठीशीं सांगलीचे संस्थानिक होते. फुल्यांच्या तोंडावर कमिटीनें दार लावलें. दार लावणारानेंच मग 'तुम्ही आंत कां आलां नाहीं?' म्हणून विचारावें, हा कोठला न्याय?

पण नुसतें दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाहीं. नाटकाचा पत्ता 1873 पासून 'गुलामगिरी'त छापील होता. 1877 पासून 'दीनबंधु' हें आपलें पत्र होतें. तरी 106 वर्षें आपल्यापैकीं कोणीं ती चोपडी छापून काढली नाहीं! जयंतीस हार घालणारे हात शेंकडों, दप्तर उघडणारा हात एखादाच. कमिटीनें नाटक एकदां नाकारलें. आपण तें वर्षानुवर्षें विसरलों. यांत मोठा अपराध कोणाचा?

तेव्हां माझ्या शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, एवढें करा. मुलांच्या वहींत 1861 च्या वरच्या ओळींत 1855 लिहा. यंदाच्या स्नेहसंमेलनांत 'तृतीय रत्न'चा एखादा प्रवेश पोरांकडून बसवून घ्या. पडदे-पोषाखांचा खर्च नाहीं, जोशी आणि कुणबीण गांवांतच सांपडतील. आणि घरांतलें जुनें बाड रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पहा. मीं माझी ती कॉलेजांतली वही काढून दुरुस्त केली आहे. तुमची केव्हां करणार?

— एक खेडवळ शिक्षक