स्टेटस ठेवलं, स्टेशन लावलं का?

२० फेब्रुवारी २०२४ आठवतोय? अमीन सयानी गेले तो दिवस. आपल्यातल्या कित्येकांनी स्टेटस ठेवलं. मीही ठेवलं. खरं सांगू? १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली त्यांची ‘बिनाका गीतमाला’ मी एकदाही रेडिओवर ऐकलेली नाही. आवाज ओळखीचा, तोही रील्समधून.

आपल्या नगरचंही तसंच. (अहिल्यानगर झालं, तरी जिभेवर अजून नगरच येतं.) २०२२ मध्ये सक्कर चौकातून उड्डाणपूल झाला आणि स्टेशन रोडचं रूपच पालटलं. जुना फोटो फिरला की खाली आपण लिहितो, ‘मिस यू ओल्ड नगर’. पण त्या पुलाखालून शेवटचं पायी कधी गेलात?

माझे आजोबा पाथर्डी तालुक्यातले. तरुणपणी त्यांनी आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड पाठवलं होतं. एका रात्री गाण्याआधी निवेदिकेनं फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली, त्यात त्यांचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा! ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली आणि शंभरदा मी मोबाइलमध्ये बघत ‘हो आजोबा’ म्हणाले. गेल्या वर्षी ते गेले. गाणं कोणतं होतं, ते आता घरात कुणालाच आठवत नाही. त्यांचा रेडिओ मात्र माझ्या इन्स्टावर आहे, व्हिंटेज फिल्टर लावून.

म्हणून मला वाटतं, आपली हळहळ खोटी नाही, पण आळशी आहे. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. विरोध झाला, म्हणून त्याला स्थगिती मिळाली. उद्या अशीच वेळ आपल्या केंद्रावर आली, तर आपण काय म्हणून बोलणार? आपण ते ऐकतो कुठे?

‘पॉडकास्ट आहेत की,’ असं तुम्ही म्हणाल. आहेत, मीही ऐकते. पण तिथे मी माझ्याच आवडीचं निवडते. शेजारच्या तालुक्याची बातमी, शेतीचा सल्ला, कुणा अनोळखी माणसाच्या आवडीचं गाणं हे न मागता कानावर पडतं ते रेडिओवरच.

आपलं आकाशवाणी केंद्र अजून चालू आहे, १००.१ एफएमवर. आठवडाभर रोज अर्धा तास लावून बघा. कंटाळा आला तर बंद करा, पण आधी ऐका तरी. आणि घरी आजी-आजोबा असतील तर आज जेवताना विचारा, तुम्ही रेडिओवर काय ऐकायचात? फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं, तर लिहून घ्या.

मी घेतलं नव्हतं.