जॅमरला हात लावण्याआधी कागद मागा

चाकाला जॅमर लागला की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. कायदा शोधायला नव्हे, ओळखीच्या माणसाला फोन लावायला. बोईसर स्टेशनबाहेरचा रस्ता असो, तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीचे गेट असो की बेटेगाव, पद्धत एकच. कुणीतरी भाई असतो, कुणीतरी पंचायत समितीत ऊठबस असलेला साहेब असतो. तो ‘आपला पोरगा आहे, सोडा’ म्हणतो. गाडी सुटते, चहा होतो आणि भाईचे वजन पावशेराने वाढते.

माझे भांडण या फोनशी आहे. पोलिसांशीही आहे, पण ते नंतर.

फोनने जॅमर निघतो, चलन निघत नाही. ते नोंदीत तसेच पडून राहते आणि गाडी विकायला किंवा रिक्षाचे फिटनेस करायला आरटीओत गेल्यावर डोके वर काढते. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्याकडे फोन करायला कुणी नाही त्याची गाडी तिथेच राहते. पाड्यावरून कामाला येणारा वारली पोरगा, बिहारहून आलेला कंत्राटी कामगार, आपल्याच गल्लीतला बाप नसलेला मुलगा. आपण वशिल्याने सुटतो तेव्हा कायदा फक्त बिनवशिल्याच्या लोकांसाठी शिल्लक ठेवतो. आणि तक्रार करताना मात्र म्हणतो, ‘आमच्यावर अन्याय होतो.’

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असेल, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे तिथे लावली असेल, तर ती टोइंगने हलवता येते किंवा जॅमर लावून अडकवता येते. पण त्याची परवानगी द्यायची ती हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याने. टोइंगच्या गाडीवर लोंबकळणाऱ्या कंत्राटदाराच्या पोराने नव्हे. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे खर्च मागितला म्हणून लगेच ‘लूट’ ओरडू नका. पावती मागा.

आता नीट लक्ष द्या. जॅमर हा गाडी आज जिथे उभी आहे त्यासाठी असतो, गेल्या वर्षीच्या थकलेल्या चलनासाठी नव्हे. गाडी जप्त करण्याचे कलम वेगळे आहे, २०७. त्यात लायसन्स नसणे, वय कमी असणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा परमिटच्या अटी मोडणे अशी कारणे आहेत. ‘तुझी सहा चलने बाकी आहेत, आत्ता भर नाहीतर गाडी ठाण्यात’ हे वाक्य रस्त्यावर रोज ऐकू येते. कलम २०७ मध्ये मात्र थकलेले चलन हे कारण नाही. दंड कबूल नसेल तर प्रकरण न्यायालयात जाते. तिथे पोलिसाला गुन्हा सिद्ध करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ पासून लागू केले. कलम १७७ च्या साध्या गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास उभे राहणाऱ्याला १,५०० म्हणजे काय, हे ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच कळते. आणि बाइक गेली तर दुसऱ्या दिवशीची शिफ्टही गेली. म्हणून तर पोरे घाबरून ‘काहीतरी घ्या, साहेब’वर येतात. फोनवाल्यांचा आणि हप्तेवाल्यांचा धंदा याच भीतीवर चालतो.

बेलिफ हा शब्दही आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. दारात दोन दांडगे आले, हातात फाइल आहे, ‘कोर्टातून आलो’ म्हणाले की आई घाबरून चावी देते. बेलिफ हा न्यायालयाचा कर्मचारी. जप्तीला येतो तेव्हा त्याच्याकडे वॉरंट असते. त्यावर तारीख असते, सही असते, न्यायालयाचा शिक्का असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६२ सांगते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पडद्यात राहणाऱ्या बाईच्या खोलीत जाण्याआधी तिला बाजूला होण्याची संधी द्यावी लागते, हेही त्याच कलमात आहे. १९०८ चा कायदा आहे, पण घरातल्या बायकांना आजवर कुणी वाचून दाखवला? कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. सुतार, फिटर, वेल्डर यांनी हे पाठ करून ठेवावे.

दारात येणारे बहुतेक लोक बेलिफ नसतातच. ते फायनान्स कंपनीचे वसुलीवाले असतात. बाइकचा हप्ता थकला असेल तर कंपनीचा हक्क आहे, तो नाकारू नका. पण धमकी देऊन, रस्त्यात आडवे येऊन, चावी हिसकावून गाडी नेण्याचा हक्क तिला कुणी दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात गुंड पाठवून वसुली करण्याच्या पद्धतीला सडकून फटकारले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर नकोत. रात्री दहाला शेजाऱ्यासमोर ओरडणारा माणूस नियम मोडतो आहे. त्याचा व्हिडिओ काढा, तारीख लिहून ठेवा.

ई-चलनाकडे परत येतो, कारण तिथे चूक दोन्हीकडे आहे. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम आणला की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे आणि सोबत पुरावा हवा. आपल्याकडे वर्षभराची चलने एकदम कळतात आणि फोटोत कधी दुसऱ्याचीच गाडी असते. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी याच सक्तीच्या वसुलीविरुद्ध राज्यात संप केला. ट्रकमालकांची संघटना आहे, म्हणून सरकारला ऐकावे लागले. बाइकवाल्याचे कोण ऐकतो?

पण आपली बाजूही बघू. मोहल्ल्यातल्या किती गाड्या सेकंडहँड आहेत आणि किती अजून जुन्या मालकाच्या नावावर आहेत? विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपण स्टॅम्पपेपरवर सही घेऊन मोकळे होतो. मग चलनाचा मेसेज जातो जुन्या मालकाला नाहीतर एजंटाला, आणि आपण म्हणतो, ‘मला कळवलेच नाही.’ कळवणार कुठे?

जुम्म्याच्या दुपारी मशिदीसमोर तीन रांगांत बाइक लावून रिक्षा, रुग्णवाहिका सगळे अडवतो, ते वेगळेच. रस्त्याला त्याचा हक्क द्या, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिथे जॅमर लागला तर मी पोलिसाच्या बाजूने उभा राहीन.

लोकअदालतीचा मेसेज आला की अर्धे लोक घाबरतात, अर्धे ‘तिथे माफ होते’ म्हणून नाचतात. दोन्ही चूक. लोकअदालत तडजोडीची जागा आहे. तुमच्या संमतीशिवाय तिथे निकाल लादता येत नाही आणि एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही. चलन खरे असेल तर जा आणि मिटवा. खोटे असेल तर सही करू नका, न्यायालयात लढा. वकिलाला पैसे कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ वाचा. मोफत कायदेशीर मदत मिळणाऱ्यांत सगळ्या स्त्रिया आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत. तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या किती जणांनी पालघरला जाऊन हा अर्ज केला आहे?

रस्त्यावर मात्र आवाज चढवू नका. जॅमर तोडू नका, पोलिसाच्या हाताला हात लावू नका. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, सरकारी नोकरावर बळाचा वापर, अजामीनपात्र आहे, आणि नाव विचारल्यावर काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. ५०० च्या दंडासाठी पासपोर्ट आणि नोकरीची पडताळणी पणाला लावू नका. अधिकाऱ्याच्या छातीवरचे नाव वाचा, कोणते कलम ते विचारा, पावती घ्या, फोटो काढा आणि घरी या. उरलेले भांडण लेखी करा, वरिष्ठांकडे आणि न्यायालयात.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर चार पोरांनी मशिदीच्या अंगणात एक टेबल टाकावे. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडी नंबर टाकून एकेकाची चलने काढावीत, फोटो जुळतो का पाहावे आणि आरसी कुणाच्या नावावर आहे, तिच्यावरचा मोबाइल नंबर कुणाचा आहे, ते विचारावे. भाईलाही बोलवा. त्याचीही दोन-चार निघतील.