कानाचा पडदा फाटला. पण क्लेमच्या कागदावर कोड कुठला?

सांगलीकडं पैलवान ओळखायचा तर कान बघतात. मातीत घासून, चेंगरून फुगलेला, घडी पडलेला कान. आता गंमत बघा. जगभर आजारांना कोड देणारी जी यादी आहे, आयसीडी-१०, तिच्यात कानाचे आजार ‘एच ६०’ ते ‘एच ९५’ मध्ये येतात. पैलवानाचा कान मात्र त्यात नाहीच! तो ‘एम ९५.१’, म्हणजे हाडं-स्नायूंच्या प्रकरणात.

म्हणजे कोड फक्त अवयव सांगत नाही, कारणही सांगतो. आणि तिथंच तुमचा पैसा अडकू शकतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. मोबाईलवरून पॉलिसी घेणं स्वस्त झालं, पण अटी त्याच राहिल्या. ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांकडं सारख्याच अटींवर मिळणारी पॉलिसी घ्या. तिच्यात काही आजारांना आणि ऑपरेशनना २४ महिने थांबावं लागतं. त्या यादीत टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, नाव घेऊन लिहिलंय. अपवाद एकच: अपघात.

आता पडद्याला भोक पडलंय, असं धरा. जुना कान वाहून पडलं असेल तर कोड ‘एच ६६’ किंवा ‘एच ७२’. गाडीवरून पडून किंवा कानावर चेंडू बसून पडदा फाटला असेल तर ‘एस ०९.२’. ऑपरेशन तेच, पण पॉलिसीला सहाच महिने झाले असतील तर पहिल्याला थांबा, दुसऱ्याला अपवादाचा दरवाजा उघडा.

क्लेम फॉर्मचा ‘भाग ब’ हॉस्पिटल भरतं आणि आयसीडी कोड त्यातच असतो. आपण तो बघतच नाही. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यावा, असा २०२४ चा नियम आहे; त्या तासाभरात तिच्यासमोर असतात ते हॉस्पिटलनं भरलेले कागद. म्हणून फॉर्म जाण्याआधी त्याचा फोटो काढा आणि कोड शोधून बघा. नुसता कोड बरोबर असून भागत नाही. मार कधी आणि कसा लागला, हे केसपेपरवर पहिल्याच तपासणीत लिहिलेलं हवं. (जुना वाहणारा कान ‘अपघात’ म्हणून लिहून घेणं ही सरळ फसवणूक आहे, ते करू नका.)

अजून एक. यूट्यूबवर कोडिंग शिकवणारे बहुतेक जण अमेरिकेची यादी दाखवतात. तिच्यात ‘एच ७२.०१’ म्हणजे उजवा कान, ‘एच ७२.०२’ म्हणजे डावा. मूळ जागतिक यादीत बाजूच नाही. तेव्हा डिस्चार्ज कार्डवर कुठला कान ते शब्दांत लिहिलंय का, बघून घ्या.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही २४ महिन्यांची भानगड नाही. तिथं प्रश्न एवढाच, की तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत आहे का आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का. मिरजेला ॲडमिट होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारलं तरी चालतं.