पट्टी घरी लावा, पण दिवस मोजून

गुप्तरोगाच्या तपासणीबद्दल जुन्नर-आंबेगावकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, असल्या तपासण्या घरी करायच्या नसतात, सरळ दवाखाना गाठावा. दुसरे म्हणते, किट मागवा, अर्ध्या तासात निकाल, कुणाला पत्ताही लागत नाही.

पहिले मत मांडणाऱ्यांना आपल्याकडचा दवाखाना ठाऊक नसावा. मंचर असो की नारायणगाव, केसपेपरच्या रांगेत मागे भावकीतलाच कुणी उभा असतो. सून एकटी एसटीत बसली तर कुठे निघालीस म्हणून विचारणारे चौघे भेटतात. या भीतीने माणसे तपासणीच टाळतात आणि आजार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या स्वतपासणीची शिफारस 2016 मध्येच केली. तेव्हा घरी तपासणे चूक नाही.

पण दुसरे मत जास्त घातक आहे, कारण त्यात तारखेचा विचारच नाही. संबंधानंतर आठवड्याने बोट टोचले, थेंब खाचेत टाकला, वर द्रव सोडला. ‘सी’पाशी रेघ उमटली, ‘टी’पाशी काहीच नाही. माणूस सुटलो म्हणतो. त्या रेघेने एवढेच सांगितले की पट्टी चालली. एचआयव्हीची साधी पट्टी प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायला आठवडे लागतात. म्हणून पट्टीच्या ‘नाही’वर भरवसा 90 दिवसांनंतर. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी 45 दिवसांत सांगते. गरमीसाठी (सिफिलिस) सहा आठवड्यांनी तपासावे, पुन्हा तीन महिन्यांनी. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया दोन आठवड्यांनी कळतात. पण त्यांना रक्ताची पट्टी चालत नाही, लघवीचा किंवा स्वॅबचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. बाईला स्वॅब स्वतः घरीच घेता येतो. मधल्या काळात निरोध वापरलाच पाहिजे.

काल-परवाच धोका घडला असेल तर किट शोधत बसूच नका. एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. घरी बसून वाट पाहण्यात हीच मुदत निघून जाते. जखम, स्राव, लघवीला जळजळ असेल तरीही दिवस मोजू नका, डॉक्टरांकडे जा.

काही त्रास नाही, मग तपासायचे कशाला, असेही विचारतात. क्लॅमिडिया बहुतेक बायकांत काही लक्षण दाखवत नाही, आणि त्यातून पुढे वंध्यत्व येऊ शकते. आणखी एक समज नारायणगावच्या आसपास फार रुजला आहे: हे रोग ट्रकवाल्यांचे आणि तमाशाच्या फडावरच्या बायकांचे. हा त्या कलावंतांवर अन्याय आहेच, शिवाय स्वतःची फसवणूकही. ज्यांनी नवऱ्याखेरीज कुणाला ओळखले नाही अशा किती बायकांना संसर्ग घरातच झाला! गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी सरकार करते, ती याचसाठी.

मात्र संशयाने बायकोचे बोट जबरदस्तीने टोचणे ही तपासणी नव्हे, छळ आहे.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर तो शेवटचा निकाल समजू नका. एचआयव्हीचे निदान सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्यांनीच पक्के होते. गरमीवर पूर्वी उपचार झाले असतील तर पट्टी पुढे जन्मभर पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे दवाखान्याची पायरी चढावी लागतेच. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी या एचआयव्ही केंद्रात समुपदेशन आणि तपासणी फुकट होतात. संमतीशिवाय तपासणे आणि निकाल फोडणे या दोन्हींना 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो. गावातले केंद्र नको वाटले तर पुण्याला जा, कुणी अडवणार नाही. आणि कुठे जायचे तेच सुचत नसेल तर 1097 वर फोन करा. तो फुकट आहे, आणि नाव सांगावे लागत नाही.