वार, गज आणि मीटर

जयपूरहून बांदीकुईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बस्सी नावाचे स्टेशन आहे. मीटर हे माप आपल्या देशात आले कसे, याची एक गमतीदार हकीकत या मार्गाशी निगडित आहे.

१८७० च्या सुमारास राजपुतान्यात आगगाडी नेण्याचे ठरले, तेव्हा दोन रुळांमधील अंतर प्रथम ३ फूट ३ इंच धरण्यात आले होते. लॉर्ड मेयो हे त्या वेळी व्हाइसरॉय होते. हिंदुस्थानात लवकरच दशमान मापे सुरू होतील, अशी सरकारची अपेक्षा होती. मग रूळही त्याच मापाचे का नसावेत? अंतरात सुमारे तीन-अष्टमांश इंचाची भर पडली आणि ते एक मीटर झाले. १८७१ साली मापांचा कायदाही मंजूर झाला. तो अमलात मात्र आला नाही. रूळ राहिले, कायदा कागदावर राहिला. बस्सीच्या स्टेशनात मीटर आणि बाजारात गज, असा हा संसार १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यापर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला.

पुढे देशाने मीटर स्वीकारला, आणि १९९० नंतरच्या दशकात येथील मीटर गेज काढून ब्रॉडगेज घालण्यात आली! तिची रुंदी रेल्वेच्या कागदोपत्री १६७६ मिलिमीटर अशी लिहितात. पोशाख मिलिमीटरचा, देह मात्र साडेपाच फुटांचा.

आता घरगुती हिशेबाकडे वळू. १९५९ साली प्रमुख इंग्रजीभाषक देशांनी एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर असे नक्की केले. तेव्हा ३६ इंचांचा वार, ज्याला उत्तरेकडे गज म्हणतात, तो ९१.४४ सेंटिमीटर भरतो. मीटर त्याहून सुमारे ३.३७ इंचांनी मोठा. अंतरांचा हिशेब सोपा आहे: पाच मैल म्हणजे जवळजवळ आठ किलोमीटर. कापडात थोडे जपावे लागते. नऊवारी लुगड्यास ८.२३ मीटर कापड हवे. आठच मीटर घेतले तर सुमारे नऊ इंच कमी पडतात, आणि ही तूट निऱ्या घालताना कळते.

परंतु खरा घोटाळा होतो तो जमिनीत. जयपूरच्या परिसरात घरासाठी भूखंड घ्यावयाचा म्हटले की भाव आजही गजात सांगितला जातो. येथे गज याचा अर्थ चौरस गज. गज आणि मीटर जवळपास सारखेच, असे मनात धरणाऱ्याची येथे फसगत होते. लांबीत गज मीटरपेक्षा साडेआठ टक्क्यांनी लहान. पण क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही आखडतात, म्हणून तूट सोळा टक्क्यांच्या वर जाते. शंभर चौरस गज म्हणजे केवळ ८३.६१ चौरस मीटर. उरलेल्या जागेत सोळा फूट लांब व अकरा फूट रुंद अशी एक खोली सहज बसली असती. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची बचत अशा भूखंडात जाते. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच लांबी व रुंदी निरनिराळ्या लिहून घ्याव्यात, प्रत्येक आकड्यापुढे फूट, गज की मीटर हे अक्षरांत असावे, आणि टेप आपल्याच घरातील माणसाने धरावी.