डागडुजी आणि झांकपाक

घर एकदां बांधून झालें कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी आपल्यांपैकीं बहुतेकांची समजूत असते. झाड लावल्यावर त्यास पाणी घालावें लागतें, हें लहान मुलासही ठाऊक असतें; परंतु विटा, सिमेंट आणि लोखंड यांसही निगा लागते, हें मात्र छत गळूं लागेपर्यंत मोठ्यांच्याही ध्यानांत येत नाहीं. नांदेड व लातूर या आपल्या दोन्ही शहरांत सदनिकांच्या कित्येक इमारती आतां जुन्या होत चालल्या आहेत. त्यांच्या निगेविषयीं चार शब्द आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों.

या विषयांत मराठवाड्याइतका महागडा धडा क्वचितच कोणत्या प्रांतास मिळाला असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, किल्लारी व आसपासच्या गांवांस भूकंपाचा धक्का बसला. सरकारी मोजदादीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. त्यांस भूकंपानें मारलें असें आपण म्हणतों. वस्तुतः त्यांपैकीं बहुतेकांस त्यांच्या घरांनींच मारलें. दगडमातीच्या रुंद भिंती दिसावयास भक्कम होत्या, परंतु भिंतीचा आंतला व बाहेरचा थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड त्यांत बहुधा नसत. त्यावर माळवदाची जड माती. छत गळूं लागलें कीं जुनी माती न काढतां तीवरच नवी पसरावयाची, असा प्रघात असे. त्यामुळें वर्षानुवर्षें डोक्यावरील ओझें वाढत गेलें. पावसापासून रक्षण व्हावें म्हणून जी माती घातली, तीच त्या पहांटे निजलेल्यांच्या अंगावर आली.

पुढें जीं गांवें मूळ जागींच राहिलीं, तेथील घरें बळकट करण्याची रीत अभियंत्यांनीं दाखवून दिली. माळवदाची माती कमी करणें, भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड बसविणें, खांब व तुळया तिरप्या लांकडांनीं जखडणें आणि भिंतींस चोहोंकडून पट्ट्यानें आवळणें, अशीं तीं साधीं कामें होतीं. जुनें घर प्रत्येक वेळीं पाडावेंच लागतें असें नाहीं; परंतु त्याचें दुखणें कोठें आहे, हें आधीं पाहावें लागतें, हाच त्यांतील बोध होय.

भूकंपानंतर लोकांचा ओढा सिमेंटच्या घरांकडे वळला, आणि सिमेंट म्हणजे निर्भयता असें समीकरण आपण मनाशीं बांधून बसलों. त्या काळांत उभ्या राहिलेल्या इमारतींनीं आतां तिशी गांठली आहे. गच्चीच्या भेगेंतून किंवा फुटक्या नळांतून मुरलेलें पाणी आंतल्या सळईस पोंचतें, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि त्याच्या दाबानें सभोंवारचें काँक्रीट फुटून पोपडे पडूं लागतात. तुळईच्या लांबीबरोबर धांवणारी भेग आणि छतावरील तांबूस डाग या त्या रोगाच्या खुणा होत. अशा वेळीं सैल झालेला भाग फोडून काढावा, सळई घासून स्वच्छ करावी, ती झिजली असल्यास नवीची जोड द्यावी आणि मग काँक्रीट भरावें. परंतु आपण काय करतों? दिवाळीच्या तोंडावर वरून गिलावा फांसतों, रंग देतों, आणि गच्ची गळाली तर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवितों. माळवदावर माती टाकणाऱ्यांत आणि आपल्यांत मग अंतर तें काय राहिलें? २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा टंचाईंत घरोघर टाक्या वाढल्या तर नवल नाहीं. परंतु १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, तें गच्चीस पेलेल काय, हें कोणीतरी विचारावयास हवें.

कित्येक गृहस्थ म्हणतात, "आज ना उद्यां इमारत पाडून नवी होणारच, मग तिजवर पैसा कां घालावा?" यांस मुंबईचें उदाहरण पुरेसें आहे. तेथें १९४७ च्या कायद्यानें जुनीं भाडीं १९४० च्या दरांवर बांधलीं गेलीं. तेवढ्यांत दुरुस्ती परवडेना म्हणून मालकानें हात आंखडला, आणि घर आपलें नव्हे म्हणून भाडेकरूनेंही. अखेर १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं सरकारास स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. तरीही नव्या इमारतीची वाट पाहत राहिलेल्या भेंडीबाजारांतील हुसैनी इमारतीनें ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं ३३ जीव घेतले. आपल्या सदनिकांत तर मालक आणि रहिवासी बहुधा एकच असतो. त्यास दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय नाहीं.

खर्चाची अडचण खरी आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास एकदम मोठी रक्कम कोठून द्यावी हा प्रश्न पडतो, आणि त्याची थट्टा करणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु नेमक्या याच अडचणीसाठीं सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकामखर्चाच्या निदान पाऊण टक्का रक्कम दरसाल दुरुस्तीनिधींत टाकण्याची सोय केली आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पांच वर्षांनीं आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनीं तिची तपासणी करावी, असेंही तेथें सांगितलें आहे. महानगरपालिकेच्या कायद्यानेंही तीस वर्षें उलटलेल्या इमारतीच्या मजबुतीचा दाखला मागितला आहे. तपासणीअंतीं अभियंत्यानें इमारत धोक्याची ठरविली, तर मात्र ममता बाजूस ठेवून ती सोडावी.

२०२४ सालीं हिंगोलीकडील धक्के नांदेडास जाणवले. लोक रात्रीं किंवा पहांटे अंगणांत येतात, दोन दिवस बोलतात, आणि भेगा तशाच राहतात. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, गृहसंस्थेची सभा टाळूं नये आणि मासिक वर्गणी थकवूं नये. विद्यार्थ्यांनीं रोहिणीचा पाऊस येण्यापूर्वीं वडीलमाणसांसह गच्चीवर जाऊन पाणी जाण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि जिन्यांतील डाग व भेगा तारखेसह वहींत टिपून ठेवाव्या. पुढच्या वर्षीं तीच भेग लांबलेली दिसली, तर ती वही सभेपुढें नेऊन ठेवावी. रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं त्या वहीचें उत्तर मिळालें पाहिजे.