ताम्रपटांवरील अर्धच्छेद

सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे १९२४ साली आचार्यपद प्राप्त झालेल्या चारित्रचक्रवर्ती श्री शांतिसागर महाराजांना पुढे एक चिंता लागली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील सिद्धान्तग्रंथांचा काही भाग जीर्ण होऊन नष्ट झाला होता. उरलेली जिनवाणी तरी टिकावी म्हणून त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते ताम्रपट सातारा जिल्ह्यातील फलटणला जतन केलेले आहेत. दर्शनाला जाणारा श्रावक त्यांपुढे मस्तक नमवतो. परंतु त्या पत्र्यांवर कर्मसिद्धान्ताबरोबर गणितही कोरलेले आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येत असावे.

त्यांतील धवला ही आचार्य वीरसेनांची षट्खंडागमावरील टीका. प्राकृत व संस्कृत यांचे मिश्रण असलेली, ७२,००० श्लोकप्रमाण. ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली, असे तिचे संपादक डॉ. हिरालाल जैन यांनी ठरवले. जीवराशींची गणना व दुप्पट-दुप्पट विस्ताराचे द्वीपसमुद्र यांचा विचार करताना संख्या इतक्या वाढतात की, त्या लिहिणेच अशक्य व्हावे. म्हणून तेथे अर्धच्छेदाचा उपयोग केलेला आहे. संख्या निम्मी करीत एकापर्यंत आणावी. जितक्या वेळा निम्मी झाली तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे १६, ८, ४, २, १ असे पाच. ६४ चे सहा. आता ३२ ला ६४ ने गुणावयाचे, तर पाच आणि सहा मिळवावे. अकरा अर्धच्छेदांची संख्या २,०४८, तोच गुणाकार. भागाकाराच्या जागी वजाबाकी. तिनाने भागत गेल्यास त्रिकच्छेद, चाराने चतुर्थच्छेद. रोजमेळ लिहिणाऱ्या घरातील मुलालाही हे एका बैठकीत समजेल.

युरोपात नेपियरची लॉगॅरिथमची कोष्टके छापली गेली १६१४ साली. मात्र वीरसेनांनी तशी कोष्टके रचली नाहीत; तेव्हा ‘सर्व काही आपल्याकडे होतेच’ असे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. मूळ कल्पना त्यांच्या ग्रंथात स्पष्ट आहे, एवढे पुरेसे आहे. लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेच्या गणितावर लिहिलेला निबंध १९४२ च्या चौथ्या खंडात आहे. जिज्ञासूंनी तो पाहावा.

वर्तुळाचा परीघ सांगणारे धवलेतील संस्कृत पद्य तर आजही कोड्यात टाकते. व्यासाला १६ ने गुणावे, त्यात १६ मिळवावे, ११३ ने भागावे आणि तिप्पट व्यास जोडावा. मधले ‘१६ मिळवावे’ वगळले, तर ३५५/११३ हे अत्यंत सूक्ष्म गुणोत्तर हाती येते. ते ठेवले, तर एक हात व्यासाच्या चाकाला मोठी चूक पडते. पण एक लक्ष योजनांच्या जंबूद्वीपाला एका योजनाच्या सातव्या भागाइतकाही फरक पडत नाही.